नॉटरवाला

"ज्या माणसानं हे बनवलं ना, तो एकदा माझ्यासमोर यायला हवा! त्याच्याच सुतळीनं त्याला बांधून भर उन्हात शेतात टाकून देईन. मग कळेल, गाठ म्हणजे काय असते ते!"

स्पेअर पार्टच्या दुकानात, काउंटरवर लोखंडाचा तुकडा आपटत मी हे बोलले. बोलले म्हणजे... ओरडलेच. दुकानदाराला माझी सवय होती. तो आपला चहाचा कप उचलून खोक्यांच्या आड जाऊन उभा राहिला.

"घट्ट बांधा मात्र," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. "सैल राहिलं तर सुटून जाईन मी."

मी गर्रकन वळले. उंच, किडकिडीत माणूस. केस पांढरे, भुवया मात्र काळ्याभोर. हातात पॉलिश पेपरचे दोन कागद आणि डाव्या हाताच्या बोटाला सुतळीचा एक तुकडा गुंडाळलेला.

"तुम्ही कोण मध्ये बोलणारे?"

"तुम्हीच बोलावलंत ना आत्ता? समोर आलो." त्यानं काउंटरवरचा तुकडा उचलला, अंगठ्यानं पुसला, डोळ्यांजवळ नेला. त्याचा चेहरा असा काही मऊ झाला, की मला वाटलं आता हा त्याची पापी घेतो. "ही चोच माझी आहे. कागदावर पहिल्यांदा मी काढली. मागच्या वर्षी रिटायर झालो, पण हिला कुठेही ओळखेन."

दुकानदाराला तो प्रसंग इतका आवडला, की अजूनही तो गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो.

आता नीट सांगते, नाहीतर वाटेल बाईला वेड लागलं होतं. माझ्याकडे बेलर आहे. बेलर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे चालणारं यंत्र. कापून वाळवलेलं गवत तो गोळा करतो, दाबतो, चौकोनी गठ्ठा करतो आणि दोन सुतळ्यांनी बांधून मागे टाकतो. ही बांधायची करामत करतो तो नॉटर. त्यात पाखराच्या चोचीसारखा एक तुकडा असतो. तो फिरतो, सुतळी पकडतो, गाठ मारतो. मारतो म्हणायचं! दर दहा-बारा गठ्ठ्यांत एक सुटलाच. सगळं गवत जमिनीवर, आणि मी ट्रॅक्टरवरून उतरून त्या नॉटर बनवणाऱ्याच्या नावानं शंख करत. ही माझी दहा-पंधरा वर्षांची दिनचर्या.

आणि या वर्षी, ज्या मोठ्या गोठ्याला मी गठ्ठे बांधून देते, त्याच्या मॅनेजरनं शेवटचं सांगितलं होतं. गठ्ठे सुटतात, त्यांचा वर चढवणारा पट्टा अडकतो, त्यांची माणसं वैतागतात. हंगामाच्या तोंडावर एक दिवस तो स्वतः शेतात उभा राहून बघणार होता. गठ्ठे टिकले तर काम माझं. नाही टिकले तर दुसऱ्याचं, आणि त्या गोठ्याशिवाय यंत्र पोसणं मला शक्यच नव्हतं. माझ्या धाकट्या भावानं, जो बँकेत पंख्याखाली बसतो, बेलरला गिऱ्हाईकसुद्धा शोधून ठेवलं होतं.

"दहा-पंधरा वर्षं?" मी हे सगळं त्या माणसाच्या तोंडावर फेकल्यावर त्यानं हळूच विचारलं. "हंगामात रोज... माझी आठवण काढायचात?"

"शिव्या घालायचे!"

"तेच ते. आठवणीशिवाय शिवी कशी घालणार?" तो हसला. "आधी माहीत असतं तर लवकर आलो असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हसताय काय? उंटावरून शेळ्या हाकल्यात तुम्ही आयुष्यभर! कागदावर चोच काढली आणि चाललात घरी! या ना उद्या सकाळी माझ्या शेडवर. बघा तुमचं दिवटं कार्टं काय गुण उधळतंय ते!"

"येतो," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की माझी पुढची दोन वाक्यं तोंडातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कूटरवरून आला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, खिशात छोटी टॉर्च. मी त्याला सबंध यंत्र फिरून दाखवलं, एखाद्या आरोपीला गुन्ह्याची जागा दाखवावी तसं. आणि मुद्दाम शेवटी नेलं ते सुतळीच्या पेटीजवळच्या लाल कडीपाशी.

"ही बघा. ही तुमच्या कंपनीची नाही. माझ्या बाबांनी स्वतः वेल्डिंग करून बसवली. दोन्ही सुतळ्या या कडीतून गेल्या की ताठ राहतात, लोंबत नाहीत. एवढी साधी गोष्ट, पण तुम्हा शिकलेल्यांना सुचली नाही." मी गळ्यातला रुमाल सोडून कडी पुसली. "दर हंगामाआधी मी तिला रंग देते. अख्ख्या भागातले मेकॅनिक माझ्या बाबांच्या हाताखाली तयार झालेत, समजलं? ते गेले तरी त्यांच्या या कामाला कुणी बोट लावत नाही."

त्यानं कडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कडीकडे.

"रंग छान आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, जिरली. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा दिला.

तीन आठवडे तो येत राहिला. येऊन बेलरच्या मागे गवतात मांडी घालून बसायचा, टॉर्च दातांत धरायचा, आणि मी हातानं चाक फिरवत राहायची. त्याला प्रत्येक गाठ बघायची असायची. "आता थांबा... हळू... अजून थोडं..." हे तो नॉटरला म्हणायचा की मला, देव जाणे. नवी चोच बसवायची, चालवून बघायचं, गठ्ठा सुटला की मी तोंड सोडायचं, त्यानं मूग गिळून गप्प बसायचं, आणि ती चोच शेडमधल्या फळीवर ठेवून स्कूटरला किक मारायची. असा आमचा क्रम.

"काहीतरी बोला ना!" मी एकदा कंबरेवर हात ठेवून म्हटलं. "माणूस आहात की खांब? मी एवढी बोलते, त्याला काही उत्तर?"

"तुम्ही बोलता ते सगळं बरोबर नसतं," तो म्हणाला, "पण फार सुरेख असतं."

आता याला काय म्हणावं? मी पाना उचलून दुसरीकडे गेले. कान गरम झाले होते, ते उन्हानं, असं मी ठरवलं.

एका दुपारी चोच तयार झाली का बघायला मीच त्याच्या घरी गेले. मोठ्या बहिणीच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याची एक खोली. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला छोटं लेथ मशीन, आणि मधल्या जागेत जेमतेम दोन माणसं उभी राहतील. आणि गाठी! खिडकीच्या कडीला गाठ, चष्म्याच्या दोरीला गाठ, चहाच्या भांड्याच्या कानालासुद्धा सुतळीची गाठ.

"बायको म्हणायची, घरात सवत आहे, सुतळीची," तो म्हणाला. "ती जाऊन बरीच वर्षं झाली. सवत मात्र राहिली."

"सबंध नोकरीत हे एकच केलंत?"

"एकच. बाकीच्यांना ट्रॅक्टर मिळाले, नांगर मिळाले, मळणी यंत्रं मिळाली. माझ्या वाट्याला गाठ आली." मग त्याचे हात बोलायला लागले. "तुम्हीच सांगा, गाठ मारायला माणसाला किती बोटं लागतात? मला ती एकाही बोटाशिवाय मारायची होती. चालत्या यंत्रात, धुळीत, पापणी लवायच्या आत. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच होतो तिथे. कुणाला दाखवू कळेना. वॉचमनला बोलावून दाखवलं."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, साहेब, गेट बंद करायचंय."

मी हसले. म्हणजे हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण फुटलंच. तोही हसला, आणि मग लेथवरची धूळ उगाचच झटकत म्हणाला, "कंपनीत कुणी कधी काही बोललं नाही हो. चांगलं नाही, वाईट नाही. तक्रारी विक्रीखात्यात जायच्या, आमच्यापर्यंत येईतो त्यांचे नुसते आकडे व्हायचे. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात मला मळणी यंत्राचा तज्ज्ञ म्हटलं. मळणी यंत्राचा! माझ्या कामाला माझ्या तोंडावर शिवी देणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"आवडली?"

"पाठ आहे."

खोली लहान होती. इतकी लहान, की तो नवी चोच द्यायला पुढे झाला तेव्हा मला मागे सरकायला जागाच नव्हती. मीही फारशी शोधली नाही. त्यानं हात उचलला आणि माझ्या केसांतलं गवताचं पातं काढलं, नॉटरमधून काडी काढतात तसं, दोन बोटांनी, श्वास रोखून.

"गवत होतं," तो म्हणाला.

"माहितीये. असतंच," मी खेकसले. आणि जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले.

लग्नाच्या गोष्टी मला कधी आल्या नाहीत असं नाही. आल्या, बसल्या, माझं एखाददुसरं वाक्य ऐकलं आणि गेल्या. मलाही त्याचं फार दुःख नव्हतं. पण आता सकाळी स्कूटरचा आवाज यायला जरा उशीर झाला की मी शेडच्या दारात! आणि तो दिसला की पहिलं वाक्य काय, तर "एवढा उशीर?" मला माझाच संताप यायचा. या वयात, या नॉटरवाल्यासाठी!

नवी चोचही चालली नाही. त्यानंतरचीही नाही. मॅनेजरचा दिवस दोन दिवसांवर आला आणि धाकटा त्याच्या गिऱ्हाइकाला घेऊन शेडमध्ये हजर. गिऱ्हाईक टायरला लाथा मारून बघत होतं.

"ताई, हट्ट सोड आता," धाकटा म्हणाला. "बाबांनंतर खूप केलंस. कुणी तुला नाव ठेवणार नाही."

"आधी त्याला लाथा मारू नको म्हणावं! टायर आहे, फुटबॉल नाही!" मी दोघांना हाकललं. आणि मग, कुणावर तरी काढायचा म्हणून, सगळा राग नॉटरवाल्यावर काढला. तो तिथेच होता, गवतात, टॉर्च दातांत.

"तीन आठवडे! तीन आठवडे माझे फुकट घालवलेत! तुम्हाला येत नाही हे सांगून टाका ना! आयुष्य घातलंत म्हणता एका गाठीत, आणि तीही धड नाही बसत! वाया गेलं ते आयुष्य, कळलं? वाया!"

त्यानं टॉर्च तोंडातून काढली. पुसली. खिशात ठेवली. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता बोलेल. बोल रे, काहीतरी फेकून मार माझ्यावर! पण तो उठला, गुडघ्यांवरचं गवत झटकलं आणि "उद्या आणखी एक आणतो," एवढं म्हणून गेला. मला इतकं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा इतका राग आला, की मी बादलीला लाथ मारली. पाय दुखला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यायच्या आत मी एकटीच यंत्र बाहेर काढलं. चालवता चालवता डाव्या बाजूची सुतळी तुटली. माझं डोकं आधीच फिरलेलं. उतरले, शिव्या घालत सुतळी पुन्हा ओवली, आणि घाईत कडीतून ओवायची राहून गेली. तशीच सरळ नॉटरकडे नेली. ध्यानातही आलं नाही. शेताचा सबंध पट्टा मारून परत वळले तेव्हा मागे बघितलं, आणि ब्रेक दाबला.

जे गठ्ठे सुटले होते, ते सगळे उजव्या बाजूनं सुटले होते. डावीकडची एकही गाठ गेली नव्हती. एकही नाही. मी उतरून प्रत्येक गठ्ठ्याला हिसका देऊन बघितला. डावी गाठ गच्च, नखानंही सुटेना. मग सुतळीचा माग काढत पेटीपर्यंत आले आणि पाहिलं. लाल कडीत एकटी उजवी सुतळी होती.

मी खाली बसले. उजवी सुतळी बोटानं दाबली, ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. डावी दाबली, ती समजूतदार, जरासा झोल असलेली. अतिताणामुळे गाठ पुरी व्हायच्या आतच सुतळी चोचीतून ओढली जात होती. एवढंच होतं. इतकी वर्षं, एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ती म्हण कुणीतरी आमच्याच शेडमध्ये बसून केली असणार!

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. शेडमध्ये परतले, तर त्यानं बनवून आणलेल्या चोची फळीवर ओळीनं पडल्या होत्या. मी त्या हातात घेऊन पाहिल्या. प्रत्येकीचा बाक आधीच्यापेक्षा लांब. प्रत्येक चोच ताणलेली सुतळी धरून ठेवायला घडवलेली. म्हणजे त्याला ताणाचं माहीत होतं. त्याला कडीचं माहीत होतं!

मी ट्रॅक्टरच काढला. गावातल्या रस्त्यावरून, बाजारातून, त्याच्या बहिणीच्या दारात नेऊन उभा केला. त्याची बहीण, सगळे तिला अक्का म्हणायचे, दारात भाजी निवडत होती. "वर आहे," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून पाय आवरून बसली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी दार ढकलून विचारलं.

तो लेथवर वाकला होता. त्यानं मशीन बंद केलं. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी. कडी पाहिली तेव्हाच."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्ही..." तो अडखळला. "तुम्ही ती गळ्यातल्या रुमालानं पुसलीत. कसं सांगणार होतो? म्हटलं, कडी राहू दे, मीच माझी चोच बदलून घेतो. कसंही करून बसवतो."

"म्हणजे दया केलीत माझ्यावर!" माझा आवाज खाली अक्कांपर्यंत, कदाचित बाजारापर्यंत गेला असेल. "माझं काम जायची वेळ आली, भाऊ यंत्र विकायला निघाला, काल मी तुमचं आयुष्य वाया गेलं म्हणाले... तेही ऐकून घेतलंत! का? मी काय काचेची आहे? इतकी वर्षं या जिभेवर जगलेय मी, मला खरं ऐकवत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? भित्रे आहात तुम्ही! गोड बोलून माणसाला बुडवणारे! भांडायची हिंमत नाही तुमच्यात!"

"नाहीच आहे!"

मी दचकले. तो ओरडला होता. तो, हो तोच!

"नाही हिंमत! पण आता ऐकाच! चुकले तुमचे बाबा! चुकले! त्या पेटीच्या मागे स्प्रिंग आहे, तिचा नट जरासा आवळायचा होता, नुसता जरासा! मी ती स्प्रिंग ज्या दिवशी बसवली त्या दिवशी जेवलो नव्हतो! आणि ती नुसती बघायची सोडून त्यांनी लोखंडाला लोखंड जोडलं! आणि तुम्ही? त्याला रंग दिलात! लाल! आणि शिव्या कुणाला? माझ्या नॉटरला! काही गुन्हा नसताना!" त्यानं हातातला पॉलिश पेपर टेबलावर आपटला. त्याचा आवाज कसला येणार, म्हणून मग डबा आपटला. "आणि वाया गेलं म्हणता? रात्रभर मला झोप नाही त्या वाक्यानं! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर काही वाटलं नसतं! पण तुम्ही म्हणालात... आणि तुम्ही म्हणता त्याला माझ्या लेखी... का कळत नाही तुम्हाला? आवडता तुम्ही मला! त्या दुकानात काउंटरवर चोच आपटलीत ना, तेव्हापासून! झालं समाधान?"

खालून अक्कांचा आवाज आला, "अरे, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे!" आम्ही दोघंही ओरडलो.

तो धापा टाकत होता. मला रडू येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. बाबांचा राग आला होता. एवढा हुशार माणूस, पण कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा. माझ्यासारखाच. ते गेल्यावर त्यांच्यावर चिडायची माझी ही पहिलीच वेळ, आणि ते सांगायला समोर हा एकच माणूस होता.

"चला," मी नाक पुसत म्हटलं. "ग्राइंडर आहे का तुमच्याकडे?"

"मी कापू?"

"हात लावून बघा! मी कापणार."

दुपारी मी कडी कापली. तो फक्त शेजारी उभा राहिला, सांत्वन केलं नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. वेल्डिंग असं पक्कं होतं की ग्राइंडरची चकती झिजली. बाबांचा हात चुकला नव्हता, डोकं चुकलं होतं. तसं मी मोठ्यानं म्हटलं, आणि कडी तुटून गवतात पडली. मग त्यानं मला स्प्रिंगचा तो नट दाखवला. मी तो माझ्या हातानं आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर आला. पांढरे बूट घालून शेतात येणारा माणूस, म्हणजे बघा. धाकटाही आला, आणि त्याचं गिऱ्हाईक बांधावर गाडीत बसून राहिलं. मी ट्रॅक्टर सुरू केला. पहिला पट्टा, सगळे गठ्ठे पक्के. दुसरा, तिसरा, पक्के. मॅनेजर त्यांच्यावर उभा राहिला, त्यांना पाय लावून ढकललं, त्याच्या माणसानं ट्रॉलीवरून खाली फेकून बघितलं. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आणि चौथ्या पट्ट्यात एक सुटला. भसकन. सगळं गवत मॅनेजरच्या पांढऱ्या बुटांवर.

मी उतरले. धाकट्यानं मान खाली घातली. मॅनेजर म्हणाला, "हे काय? पुन्हा तेच?"

मी नॉटरवाल्याकडे पाहिलं. तो नॉटरपाशी वाकून बघत होता. एकच शब्द पुरला असता. सुतळी खराब आहे म्हटलं असतं तर मॅनेजरला काय कळणार होतं? मलासुद्धा क्षणभर वाटलं, म्हण ना, देवा, म्हणून टाक.

तो सरळ झाला. "सुतळीचा दोष नाही," तो म्हणाला. "चालवणाऱ्या बाईंचाही नाही. माझा आहे. हा नॉटर मी बनवला. चोचीच्या मागे भुसा साठतो आणि तिला मिटू देत नाही. कारखान्यात आम्ही स्वच्छ गवतावर चालवायचो, तिथे हे कधी दिसलंच नाही. आज दिसलं. प्रत्येक पट्ट्यानंतर ती जागा साफ करावी लागेल, नाहीतर हे पुन्हा होईल."

मॅनेजर त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्हीच सांगताय की यंत्रात खोट आहे? मग मी काम का द्यावं?"

"कारण खोट कुठे आहे हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलंय का? आम्हाला आता माहीत आहे. चालवून बघा."

आम्हाला, म्हणाला तो! मी खाली वाकून भुसा साफ केला, गळ्यातल्याच रुमालानं. ट्रॅक्टरवर चढले. त्यानंतर दर पट्ट्याला थांबून साफ करत, ऊन डोक्यावर येईपर्यंत सबंध शेत बांधून काढलं. एक गठ्ठा सुटला नाही. मॅनेजरनं बूट झटकले आणि म्हणाला, "सोमवारी गोठ्याच्या खालच्या शेतापासून सुरू करा." धाकटा बांधावर गेला, गिऱ्हाइकाच्या गाडीत वाकून काहीतरी बोलला, आणि गाडी निघून गेली. परत येऊन त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मी त्याला मारायचे तशी. मग तोही गेला.

शेतात आम्ही दोघंच उरलो. कापलेल्या गवताचा वास, आणि ओळीनं पडलेले गठ्ठे. त्यातल्या एकावर तो बसला, सुटतो का बघत, जपून.

"माझं काम जाऊ शकत होतं, कळतंय का?" मी म्हटलं. "एक शब्द खोटा बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हीच काल म्हणालात..."

"मी काय काय म्हणते ते सगळं ऐकायचं असतं?" मी ओरडले. ओरडले, आणि मग त्याच्या शेजारी बसले. गठ्ठा दोघांना अपुरा होता. "बरं केलंत. खोटं बोलला असतात ना, तर आज काम मिळालं असतं आणि मी तुम्हाला पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नसतं."

"म्हणजे आता टाकू देणार?"

"अट आहे. गोड बोलून लपवायचं नाही. जे असेल ते तोंडावर सांगायचं. आत्तापासून."

त्यानं बोटाला सुतळी गुंडाळली, सोडली.

"मग पहिलं खरं सांगतो," तो म्हणाला. "मला तुमची भीती वाटते. दुकानात वाटली, काल वाटली, आत्ताही वाटतेय."

भीती वाटली की माणसं काय करतात, ते मला शिकवायला नको होतं. "मग?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा चढेचना. "जाणार?"

"नाही हो," तो म्हणाला. "भीत भीत राहीन."

मला इतका राग आला, इतका राग आला... की मी त्याचा हात घट्ट धरला आणि रडायला लागले. त्यानंही तो सोडवून घेतला नाही.